शुक्रवारचा राहुकाळ

श्रीरंजनीचं बारसं झालं त्या वर्षीची, म्हणजे २०२३ सालची ही गोष्ट. श्रीरंजनी माझी पणती. तिच्यासाठी पाळणा आला, पाळण्यामागून कपाट आलं, कपाटामागून तिला सांभाळणारी बाई आली, आणि नुंगंबाक्कमच्या आमच्या घरातली मागची खोली एकदम सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. त्या खोलीत मी आणि माझे यजमान पद्मनाभराव राहत होतो. चाळीस वर्षांत आम्ही कधी कोणाच्या डोळ्यांत भरलो नव्हतो.

मग वेंकटला, म्हणजे आमच्या मुलाला, आमच्या छातीची काळजी वाटू लागली. एन्नोरच्या कारखान्यांचा धूर हल्ली फार पसरतो, म्हणाला. चाळीस वर्षं तो धूर नुंगंबाक्कमची वाट चुकत होता. बारशानंतरच्या आठवड्यात त्याला पत्ता सापडला. तेव्हा दोघांनी जरा मोकळ्या हवेत यावं. मंडपमजवळ एक शांत गाव आहे, समुद्र आहे, समोरच राष्ट्रीय उद्यान आहे. नातसून सावनी पुण्याची. तिने फोनवर फोटो दाखवले. एकात वेताच्या खुर्चीत बसून एक म्हातारा हसत होता. हा कोण, मी विचारलं. "असेल कोणी पाहुणा, पाटी," ती म्हणाली, आणि मान वर केली नाही. आजीला ती इकडच्यासारखं पाटीच म्हणते. पोरगी सरळ आहे. खोटं बोलताना तिला फोन लागतो.

एग्मोर स्टेशनहून गाडीने रामनाथपुरम, पुढे टॅक्सी. गाव खरंच शांत होतं. वाळत घातलेली जाळी, एक बकरी आणि चहाचं बंद दुकान. किनारा स्वच्छ होता, कारण घाण करायला कोणी नव्हतं. राष्ट्रीय उद्यान समोर पाण्यात. त्यातल्या बेटांवर पाय ठेवायला बंदी. पोवळ्यांची आणि समुद्रगायीची चित्रं असलेला फलक तेवढा अलीकडच्या किनाऱ्यावर लावलेला. यजमानांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"चांगली पद्धत आहे," ते म्हणाले. "जे जपायचं ते लांब ठेवायचं, आणि आपण तिकडे जायचं नाही."

वेंकट चपलेतली वाळू झटकत राहिला.

तो ज्याला पाहुण्यांचं घर म्हणत होता, तिथे प्रत्येक भिंतीला धरायला दांडा होता आणि प्रत्येक पलंगाशी घंटी. वेताची खुर्ची होती, फोटोतला म्हाताराही होता. हसत नव्हता. आज वार कोणता, एवढंच त्याने मला विचारलं. शुक्रवार, मी सांगितलं. तिथल्या व्यवस्थापकाने अगदी अदबीने टेबलावर अर्ज ठेवला. अर्जावर आमचे दोघांचे फोटो आधीच चिकटवलेले. आमच्या आधी आमचे फोटो राहायला आले होते.

"अप्पा, जबरदस्ती नाही," वेंकट म्हणाला. "आवडलं असेल तर सही करा."

यजमानांनी पेन उचललं. मी त्यांच्याकडे बघितलं. मला त्या पलंगावर निजायचं नव्हतं, आणि त्यांनाही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि ते खाली ठेवलं.

"वेंकट, साडेदहा वाजून गेले. राहुकाळ लागला."

या माणसाने आवडी नावाच्या गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. कारखान्याचा भोंगा पंचांग बघून वाजत नाही, असं म्हणून ते जन्मभर राहुकाळाला हसले. मानतो तो वेंकट. घराच्या नोंदणीच्या दिवशी तो दीड तास रिक्षात बसून राहिला होता. मुलाच्या लग्नात त्याने नवरदेवाला मांडवाच्या दारात उभं ठेवलं होतं. आता चालतं म्हणण्याची सोय त्याला राहिली नव्हती. बारानंतर करू, तो म्हणाला.

बारा वाजता यजमानांना भूक लागली. रसम त्यांनी तीनदा मागून घेतलं. मग ते त्याच पलंगावर आडवे झाले आणि तीनला पाच मिनिटं असताना उठले.

"आता लिहू की," ते म्हणाले. "पण शुक्रवारी तीनला यमगंड लागतं. म्हाताऱ्यांना ठेवायच्या कागदावर यमगंडात सही. तू म्हणशील तसं, बाबा."

यमगंडाची अशुभ वेळ साडेचारला संपते. परतीच्या गाडीसाठी टॅक्सी चारला दारात आली. व्यवस्थापकाने अर्ज पाकिटात घालून वेंकटच्या हाती दिला.

गाडीत वेंकट वरच्या बर्थवर झोपल्यावर मी यजमानांना विचारलं, तुम्ही हे केव्हापासून मानायला लागलात?

"मी कुठे मानतो?" ते म्हणाले. "तो मानतो."

ते पाकीट पुढे वर्षभर फ्रिजवर पडून होतं. वेंकट ते काढायचा, यजमान स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे बोट दाखवायचे. तिथे रोजच्या पानावर सगळ्या वाईट वेळा छापलेल्या असतात. छापणाऱ्याने आमच्यावर फार उपकार केले. पाळणा शेवटी हॉलमध्ये लागला. श्रीरंजनी तिथून रांगत आमच्या खोलीत यायची आणि यजमानांचा चष्मा चाटायची. एन्नोरचा धूर परत वाट चुकला असावा, कारण त्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

एका सकाळी यजमान कॉफी पिऊन आडवे झाले, ते उठले नाहीत. वेंकट आधी रडला, मग त्याने कॅलेंडर बघितलं. नातेवाइकांना फोन त्याने बारानंतर केले.

माझे यजमान पद्मनाभराव शुक्रवार, १४ जून २०२४ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी नुंगंबाक्कमच्या घरी, मागच्या खोलीत वारले.