बंधुभावाची पेंड

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची दोन कोरडी गेली होती. नव्या कचेऱ्या उघडल्या, नवे साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग औसा रोडवरच्या एका भुसार गोदामाच्या माडीवर फ्रीमेसनांचं लॉज सुरू झालं. खालचे हमाल त्याला जादूघर म्हणायचे. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी काळे कोट घातलेली माणसं जिना चढायची, दाराबाहेर एक जण उघडी तलवार घेऊन उभा राहायचा आणि आतून लाकडी हातोडीचे ठोके ऐकू यायचे. एवढ्यावरून हमालांनी बरंच काही रचलं होतं.

डॉ. गुरुलिंग सरकारी जनावरांचा डॉक्टर. उदगीरकडच्या लिंगायत वाण्याच्या घरातला, पण दुकानात बसायचा कंटाळा म्हणून शिकलेला. त्याला लॉजात नेलं मार्तंडरावांनी. ते निवृत्त इंजिनिअर, निजामाच्या काळात हैदराबादेत तरुणपणीच मेसन झालेले. लातूरचं लॉज त्यांनीच उभं केलं होतं. गुरुलिंगनं त्यांच्या गाईचं अडलेलं वासरू सोडवलं, तिथून दोघांची ओळख वाढली.

"यात असतं तरी काय?" गुरुलिंगनं एकदा विचारलं होतं.

"लोकांना वाटतं तेवढं गुपित नसतं," मार्तंडराव म्हणाले. "विलायतेत मोठमोठी देवळं बांधणारे गवंडी होते, त्यांची एक बिरादरी होती. त्यांची हत्यारं आम्ही खुणा म्हणून घेतली. ओळंबा सांगतो, सरळ उभा राहा. पाणसळ सांगते, सगळे एका पातळीवर. देव मानायला हवा, कुठला ते विचारत नाही. जात विचारत नाही. आत राजकारण नाही, धर्माचा वाद नाही. अडचणीतल्या बंधूला हात द्यायचा, आणि जमेल तेवढं दान."

गुरुलिंगला ते पटलं. लिंगायताच्या घरात कामाची आणि समतेची गोष्ट काही नवी नव्हती. त्याचं नाव मांडलं गेलं. सभासदांनी एकेक करून पेटीत गोळी टाकली. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. सगळ्या पांढऱ्या निघाल्या.

दीक्षेच्या दिवशी त्याच्या अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू काढायला सांगितली. घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल. माणूस आत येतो तो रिकामा यावा, असा त्याचा अर्थ. मग प्रश्न आला गळ्यातल्या इष्टलिंगाचा. ते चांदीच्या डबीत होतं, आणि ते अंगावरून उतरवायचं नसतं. गुरुलिंग अडून बसला. मार्तंडरावांनी क्षणभर विचार केला आणि मलमलची एक स्वच्छ पट्टी मागवली. "चांदी बाहेर राहील. लिंग तुमच्या अंगावरच राहील," ते म्हणाले, आणि तो पट्टी गुंडाळीपर्यंत पाठ फिरवून उभे राहिले. त्या म्हाताऱ्यानं गुरुलिंगच्या मनात घर केलं ते त्या क्षणी.

डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरीचा फास, एक गुडघा उघडा, अशा अवस्थेत त्याला आत फिरवलं. शपथ घेण्याआधी मार्तंडरावांनी मोठ्यानं सांगितलं, की देशाच्या कायद्याला, तुमच्या धर्माला आणि घरच्या कर्तव्याला आड येईल असं या शपथेत काही नाही. मग कुणीतरी त्याच्याकडे दान मागितलं. त्याच्याकडे काहीच नव्हतं. "ही लाज लक्षात ठेव," आवाज म्हणाला. "रिकाम्या हाताचा माणूस समोर येईल तेव्हा आठव." पट्टी सुटली तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

पुढं त्याला सगळी रीत कळली. पूर्वेला मास्टर बसतो, पश्चिमेला आणि दक्षिणेला त्याचे दोन वॉर्डन. काळ्यापांढऱ्या चौकटींची जमीन. प्रत्येक बंधूच्या कमरेला गवंड्यासारखा ॲप्रन. एकावर एक तीन पायऱ्या, शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. सेक्रेटरी मागच्या सभेचा वृत्तान्त वाचतो, दानाची पिशवी फिरते, मग जेवण. दर वर्षी नवा मास्टर निवडायचा. दोन वर्षांत गुरुलिंग तिसऱ्या पायरीवर पोचला. एक गोष्ट मात्र त्याला खटकू लागली होती. जेवणाच्या टेबलावर व्यापारी बंधू नेमके साहेब बंधूंच्या शेजारी बसायचे.

त्या उन्हाळ्यात चाकूरच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली. गुरुलिंगची ड्यूटी तिथं लागली. कडबा होता, उसाचं वाढं होतं, टँकरनं पाणी येत होतं. पेंडीचा ठेका अण्णारावाकडे होता. अण्णाराव तेलगिरणीवाला, लॉजातला बंधू, आणि येत्या वर्षासाठी निवडलेला मास्टर.

छावणीत जनावरं आजारी पडू लागली. आधी खाणं सुटायचं, मग हगवण, डोळे पिवळे, कुंथून कुंथून आतडं बाहेर यायचं आणि चार पाय ताणून जनावर मरायचं. गुरुलिंगला पहिल्यांदा साथ वाटली. मग साखराबाईचा बैल मेला. साखराबाई विधवा बाई, दोनच बैल घेऊन छावणीत राहिली होती.

"डाक्टर, फाडून बगा," ती म्हणाली. "माजं काय जायचं ते गेलंय. दुसऱ्याला तरी कळू द्या कशानं मेला ते."

त्यानं तिथंच मेंढीच्या वाड्यामागं बैल फाडला. यकृत पिवळं आणि घट्ट झालं होतं, सुरीखाली करकरत होतं. हात न धुताच तो पेंडीच्या कोठीत गेला आणि एक पोतं उसवलं. भुईमुगाच्या पेंडीवर हिरवी-काळी बुरशी केसासारखी उगवली होती. ढेप फोडली तर आत अळ्या वळवळत होत्या. कुजका, गोडसर वास नाकात बसला. सडलेल्या जखमांत कोपरापर्यंत हात घालून काम केलेला माणूस तो, पण त्याला बाहेर येऊन ओकारी काढावी लागली.

त्यानं अण्णारावाला बोलावणं पाठवलं. अण्णाराव जीपमधून आला, नाकाला रुमाल लावून.

"ही पेंड गिरणीत किती दिवस भिजून पडली होती?" गुरुलिंगनं विचारलं.

"गेल्या साली अवकाळीत छपराला गळती लागली होती. वरवर बुरशी दिसते. जनावराला काय कळतंय?"

"जनावरं मरतायत, अण्णाराव. मी रिपोर्ट करणार आहे."

आजूबाजूला माणसं जमली होती. साखराबाई होती. अण्णारावानं सगळ्यांकडे पाहिलं, रुमाल खिशात घातला, आणि अचानक दोन्ही हात डोक्यावर उंच नेऊन ठराविक पद्धतीनं टप्प्याटप्प्यानं खाली आणले. लोकांना वाटलं सूर्याला नमस्कार करतोय. एका म्हाताऱ्यानं तर हातही जोडले. पण गुरुलिंगला ती खूण ठाऊक होती. जीव संकटात सापडलेला मेसन बंधूंना ज्या खुणेनं हाक मारतो, ती. मेलेल्या बैलापासून वीस पावलांवर उभं राहून हा माणूस ती करत होता.

"हात खाली करा," गुरुलिंग म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "लाज वाटू द्या."

"शपथ घेतलीय तुम्ही," अण्णाराव हळूच म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

गुरुलिंग तसाच मार्तंडरावांकडे गेला. अंगाला वास येत होता म्हणून बाहेर ओट्यावरच बसला. सगळं ऐकून मार्तंडराव म्हणाले, "शपथ आड येत नाही. तुम्हाला मी आधीच सांगितलं होतं. ती खूण प्रामाणिक माणसाच्या संकटासाठी आहे."

"म्हणजे रिपोर्ट देऊ?"

मार्तंडराव खाली मान घालून म्हणाले, "द्या ना. पण शनिवारी त्याला गादीवर बसवायचंय. बाहेरगावचे बडे बंधू येणार आहेत. लॉज नवीन आहे, गुरुलिंगराव. नाव खराब झालं तर संपलंच. तूर्त साथ म्हणून लिहा. मी त्याला पेंड बदलायला लावतो."

"तोवर जनावरं?"

"रिपोर्ट लिहून तरी ती कुठं उठणार आहेत?"

आतून चहा आला. गुरुलिंगनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. घरी जाऊन त्यानं रिपोर्ट लिहिला, खरा तोच लिहिला, आणि पाठवला. तो ज्या टेबलावर पडला तिथले साहेबही बंधूच निघाले. 'पुनर्तपासणी करावी' असा शेरा मारून तो परत आला. पेंड बदलली नाही.

शनिवारी तो लॉजात गेला. त्याची बायको जगदेवी म्हणाली, "कशाला जाता? राहू द्या की." तो म्हणाला, "मार्तंडराव त्याला बसवतात का, तेवढं बघायचंय."

मार्तंडरावांनी बसवलं. हाताला धरून पूर्वेच्या खुर्चीकडे नेलं, गळ्यात निळी पट्टी घातली, आणि नवा मास्टर कसा असावा ते घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवलं. सचोटीचा, मनानं निर्मळ, दीनांचा वाली. एक शब्द चुकला नाही. गुरुलिंग त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

मग अण्णारावानं हातोडी आपटली आणि पहिली घोषणा केली. दुष्काळात लॉजचं दान म्हणून चाकूर रोडच्या छावणीला दोन ट्रक पेंड फुकट. पेंड तो स्वतःच्या गिरणीतून देणार.

सगळ्यांनी ठरलेल्या तालात टाळ्या वाजवल्या. गुरुलिंग उभा राहिला.

"ती विषारी पेंड आहे. मी बैल फाडून बघितलाय."

बाहेरगावचे पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. अण्णारावानं मार्तंडरावांकडे बघितलं. आणि मार्तंडराव म्हणाले, "बंधू, बाहेरचे वाद इथं आणायचे नसतात. खाली बसा."

गुरुलिंग बसला नाही. त्यानं ॲप्रनचा बंद सोडला, ॲप्रन खुर्चीवर टाकला आणि दाराबाहेर पडला. तलवारवाला बाजूला सरकला. खाली येऊन तो गोदामाच्या भिंतीला टेकून उभा राहिला. वर मटार-पनीरचं जेवण वाढायला घेतलं होतं. तो वास आणि त्या कोठीतला वास त्याला वेगळे करता येईनात.

सोमवारी सकाळी ट्रक आले. पुढं कापडी फलक, त्यावर मेसनांची खूण, गवंड्याचा गुण्या आणि कंपास. मागून अण्णाराव, मार्तंडराव आणि बाकीच्या बंधूंच्या मोटारी, एक फोटोग्राफर. गुरुलिंग आधीच कोठीपाशी उभा होता. शेजारी फिनाइलचे डबे होते, साखराबाई होती आणि तिच्यामागं छावणीतली माणसं.

"पोत्यांना हात लावू नका," तो ट्रकवाल्याला म्हणाला. "उतरवाल तेवढ्या पोत्यांवर ओतणार."

"लोकांसमोर तमाशा नको," अण्णाराव पुढं येत म्हणाला. "दान आहे हे."

"तुमच्या दानाला आग लागो," साखराबाई म्हणाली आणि पहिला डबा तिनंच उचलला.

गुरुलिंगनं एका पोत्यातली ढेप काढली, फोडली आणि मार्तंडरावांच्या हातात ठेवली. "वास घ्या."

मार्तंडरावांनी वास घेतला. त्यांचा चेहरा आक्रसला. बोटांवर एक अळी चढली, ती त्यांनी झटकली. ढेप अलगद खाली ठेवली, बोटं पुसली, आणि फोटोग्राफरकडे वळून म्हणाले, "आपण फोटो टँकरपाशी घेऊ."

ते सगळे टँकरपाशी गेले. तिथं हसत उभे राहिले. इकडं साखराबाई आणि बाकीच्यांनी दोन्ही ट्रक फिनाइलनं भिजवले. त्या दिवसापासून छावणीत ती पेंड कुणी दिली नाही. साखराबाईचा दुसरा बैल जगला. अण्णारावाला मात्र कुणी काही विचारलं नाही. तो वर्षभर पूर्वेच्या खुर्चीत बसला.

पाऊस पडायच्या आत गुरुलिंगची बदली माहूरला झाली. छावणीला आलेलं दान नासवल्याचा ठपका ठेवून. जगदेवीनं भांडीकुंडी बांधली, तक्रार केली नाही. माहूरला डोंगर होता, रेणुकेच्या यात्रेची गर्दी होती, शेळ्या-कोंबड्यांची कामं होती. त्याला तिथं बरं वाटू लागलं.

नवरात्राच्या आधी नांदेडचा एक वकील दर्शनाला आला आणि विचारत विचारत घरी पोचला. मोठा आनंदी माणूस. "तुमचं नाव ऐकलं होतं," म्हणत त्यानं हात पुढं केला. गुरुलिंगनं सवयीनं हात दिला. वकिलानं त्याच्या बोटांच्या पेरावर अंगठा दाबला, डोळे मिचकावले आणि म्हणाला, "आपलं लॉज आहे नांदेडला. येत जा."

गुरुलिंगनं हात ओढून घेतला.

"मी कुणाचा बंधू न्हाई," तो म्हणाला. "चहा घेऊन जा."

आणि तो मागच्या दारानं गोठ्यात गेला. जगदेवीनं पाहुण्याला चहा दिला, माहूरचा अंगारा दिला, वाटेला लावलं. ती मागं आली तेव्हा गुरुलिंग बादलीपाशी उकिडवा बसून वकिलाला दिलेला हात धूत होता. शेजारी शेणाची पाटी भरलेली होती, आणि त्याच्या बाहीला शेण लागलेलं होतं. ते त्यानं तसंच राहू दिलं होतं.