तिसरा प्रश्न

बाबाजी गावस कोकणीतून ओरडून सांगत होते की मंडळाचं इतिवृत्त मराठीतूनच लिहिलं गेलं पाहिजे. साखळीच्या बाजारामागे त्यांचं घर, दारासमोरून खाणीचे ट्रक जायचे, तेव्हा ओरडण्यावाचून इलाजही नव्हता. समोर सोप्यावर पद्मावती मळीक मांडीवर वही घेऊन बसली होती. तिचा चहा केव्हाच निवला होता आणि बशीतला उंडा पाव तसाच पडून होता.

"एक अक्षर लेगीत कोंकणी नाका म्हण बरय," बाबाजींनी बजावलं.

कोकणीचं एक अक्षरही नको, असं पद्मावतीने लिहून घेतलं. आतून बाबाजींची बायको म्हणाली की घरात तर मराठीचं एक वाक्य कधी तोंडातून येत नाही आणि चालले मंडळाला मराठी शिकवायला. मग नवरा-बायकोची जुंपली. पद्मावतीने वही मिटली नाही, कारण अजून एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

गोवा नुकताच घटक राज्य झाला होता. दमण आणि दीव बाजूला पडले होते, त्यामुळे 'गोवा, दमण आणि दीव रसायनतज्ज्ञ मंडळ' या नावाचं काय करायचं हा पेच आला. नाव बदलायचं तर घटना बदलायची, आणि घटना बदलायची तर सदस्यांची मतं हवीत. मंडळाने आधी पोस्टाने जबाबी कार्डं धाडली. खाणींवरचे, कारखान्यांतले, कॉलेजांतले केमिस्ट म्हणजे शिकलेली माणसं, पण कार्डं परत पाठवण्याच्या बाबतीत सगळी सारखीच आळशी. शेवटी पणजीचे चिटणीस जयराम प्रियोळकर यांनी ठरवलं की घरोघर जाऊन विचारायचं. डिचोली आणि पेडणे हे दोन तालुके पद्मावतीच्या गळ्यात पडले. तिला मुलंबाळं नाहीत, रविवारी ती मोकळी असते, असं जयरामबाब सगळ्यांसमोर म्हणाले आणि तिनेही मान डोलावली.

प्रश्न तीन होते. नाव काय ठेवावं, इतिवृत्त कुठल्या भाषेत लिहावं, आणि तिसरा, पदवी नसलेल्या सहयोगी सदस्यांना नव्या मंडळात पूर्ण सदस्य करून घ्यावं का. सहयोगींना मताचा अधिकार नव्हता, आणि नव्या घटनेत तर सहयोगी असा वर्गच राहणार नव्हता. घेतलं तर आत, नाहीतर बाहेर. असे सहयोगी गोव्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते, आणि डिचोली-पेडण्यात तर एकच होती. तीच वही घेऊन फिरत होती.

पहिल्या प्रश्नाला लोक झटपट उत्तर देत. दुसऱ्यावर तास जाई, आवाज चढत, कुणीतरी भावाशी अबोला धरल्याची हकिकत सांगे, कारण राजभाषेच्या कायद्याची धग अजून निवली नव्हती. तिसऱ्याचं उत्तर मात्र उंबऱ्यावर, चपला पायांत सरकवता सरकवता मिळे. बाबाजींनीही तसंच केलं. दारापर्यंत सोडायला आले आणि हसून म्हणाले, "तें तिसरें न्हय? तें तुका जाय तें बरय गो. आमी तुका परकी मानतात?"

तुला हवं ते लिही, हे त्यांनी खरोखर मायेने म्हटलं होतं. बसस्टँडवर उभ्या उभ्या पद्मावतीने वही उघडली आणि त्यांच्या नावापुढे तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'मत नाही'. तिथे 'होय' लिहिलं असतं तर बाबाजींनी हूं की चूं केलं नसतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पद्मावती मॅट्रिक झाली त्या वर्षी तिचे वडील गेले. कॉलेजचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. ती खाणीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली. तिथले मुख्य केमिस्ट सगुण शेट्ये यांनी तिला हळूहळू काम शिकवलं: मातीचा नमुना कुटायचा, आम्लात विरघळवायचा, ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडत जांभळा रंग येईपर्यंत नजर हलवायची नाही. रंग आला की जो आकडा दिसेल तो लिहायचा, मनात असेल तो नाही. जहाज बंदरात खोळंबलंय, साहेब डोक्यावर उभा आहे, तरी नाही. तिचे केस पिकायला लागले तरी अहवालावर सही दुसऱ्याचीच असे, आणि त्याचं तिला फारसं काही वाटत नसे.

वाटायचं ते मंडळाचं. भाऊ सतीशच्या घरात ती आत्या होती, खाणीवर ती 'लॅबांतली बाय' होती. वर्षातून एकदा पणजीच्या सभेत मात्र खुर्चीवर तिच्या नावाची चिठ्ठी असायची. तिथे कुणी तिला लग्न का केलं नाहीस असं विचारत नसे. लोहाचं प्रमाण, पाण्याचा गढूळपणा असल्या गोष्टी माणसं तिच्याशी तिच्याकडे बघून बोलत. सभेच्या दिवशी ती ठेवणीतलं पातळ नेसायची आणि वहिनी तिची चेष्टा करायची. ही एवढीच जागा तिची स्वतःची होती, आणि आता ती राहणार की जाणार हे लोकांना विचारत तीच दारोदार हिंडत होती.

पेडण्याच्या बाजूलाही तोच अनुभव आला. कुणी 'हो' म्हणालं, कुणी 'नियम तो नियम' म्हणून मान हलवली, आणि जे तिला चांगले ओळखत होते, ज्यांच्याकडे ती जेवूनही उठली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तुझ्या मनाप्रमाणे लिही म्हणून सांगितलं. त्यांच्या प्रेमाने तिची वही 'मत नाही'ने भरत गेली. एकदा तिने धीर करून पेडण्याच्या भिकाजी मास्तरांना म्हटलं, की तुम्हीच काय ते सांगा. ते गोंधळले, मग थोडे रागावले. एवढा विश्वास टाकला तर त्याचंही तुला ओझं, म्हणाले.

नार्वे गावी सगुण सरांकडे ती मुद्दाम शेवटी गेली. तिथे तरी तिला खात्री होती. सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पाय गेल्यामुळे ते घराबाहेर पडत नसत. त्यांनी पहिल्या दोन प्रश्नांना भराभर उत्तरं दिली. भाषा कुठलीही ठेवा, अक्षर नीट काढा म्हणजे झालं, म्हणाले. मग त्यांनी स्वतःच तिसऱ्याकडे बोट दाखवलं. असं करणारे ते पहिलेच.

"हाचें म्हजें उत्तर ना म्हण बरय."

पद्मावतीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. स्वयंपाकघरात सरांच्या पत्नी सरस्वतीकाकींच्या हातातला डाव थांबला.

"बाबली म्हजो सख्खो भाव," सर म्हणाले. "बी.एस्सी.क नापास जालो. मंडळांत घे म्हण म्हज्या पांयां पडलो. नेम हांवेंच केल्लो, हांवें ताका घेतलो ना. मरसर म्हजेकडेन धड उलयलो ना तो. आतां तुका घेतली जाल्यार ताका कित्याक घेतलो ना, सांग म्हाका."

पदवीशिवाय पूर्ण सदस्यत्व नाही हा नियम सरांनीच केला होता, आणि त्यापायी सख्खा भाऊ मरेपर्यंत त्यांच्याशी धड बोलला नव्हता.

"म्हज्या मुखार बरय," ते म्हणाले.

तिने त्यांच्यासमोर 'नाही' लिहिलं. निघताना काकींनी तिच्या पिशवीत काकड्या घातल्या. बसस्टॉपपर्यंत त्या चालत सोडायला आल्या. परतीच्या बसमध्ये पद्मावती रडली. शेजारच्या बाईने कोण गेलं म्हणून विचारलं.

सभा पणजीला झाली. जयरामबाबांनी निकाल वाचले. दमण-दीव नावातून गेलं. भाषेचा निर्णय दोन्ही बाजू तुटून पडल्यामुळे पुढच्या सभेवर ढकलला. तिसरा ठराव एका मताच्या फरकाने फेटाळला गेला. मत न दिलेले कुठल्याच बाजूला धरले नाहीत, असंही त्यांनी वाचलं. मग सगळ्यात नेटकं काम डिचोली-पेडण्याचं झालं म्हणून त्यांनी पद्मावतीला उभं राहायला सांगितलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ती उभी राहिली. टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या आणि तिला त्या कधी थांबतील असं झालं.

चहाच्या वेळी बाबाजी गावस तिला एका बाजूला घेऊन गेले. "म्हजें कितें बरयलें गो तुवें?"

"मत ना म्हण."

"हांवें तुका जाय तें बरय म्हणिल्लें मगे."

"म्हाका जाय तें बरयल्यार तें म्हजें मत जातलें, बाबाजीबाब. तुमचें कशें जातलें?"

तिने हवं ते लिहिलं तर ते तिचं मत झालं असतं, आपलं नव्हे, हे मनात घोळवत बाबाजी कपातला चहा ढवळत राहिले. साखर विरघळून कधीच झाली होती. मग ते जयरामबाबांकडे जाऊन काहीतरी तावातावाने बोलायला लागले. अजून बदलता येतं का, असं विचारत असावेत. जयरामबाबांनी मान हलवली.

सभेहून ती घरी गेली नाही. डिचोलीला उतरून तिने नार्वेची बस पकडली. मनात एकच होतं, सरांना जाऊन सांगायचं, एका मताच्या फरकाने गेलं. बाकी काही बोलायचं नाही, तेवढं सांगायचं आणि उठायचं. पोरीसारखं वाढवलंत, काम शिकवलंत, आणि ज्याने मला बाहेर काढलं ते मत तुमचं होतं. तुमचा भाऊ गेला तो गेला, मी तर जिवंत होते. हे सगळं त्या तेवढ्या शब्दांत येतंय असं तिला वाटत होतं. वाटेत कडक ऊन होतं आणि तिला तहान लागली होती, पण ती कुठे थांबली नाही.

सरस्वतीकाकी दारातच भेटल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बरें केलें आयलें तें. तूं गेल्या दिसापसून हे दोन घांस जेवून उठतात. रातीं बाबलीक हाक मारतात." मग पदराने तोंड पुसून त्या आत वळल्या.

सर खुर्चीत बसले होते. दाढी वाढली होती. त्यांनी तिला बस म्हटलं नाही, की पाणी दे म्हणून आत सांगितलं नाही.

"कितें जालें?"

"ना म्हण जालें, सर."

त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "कितल्या मतांनी?"

पद्मावती त्यांच्याकडे बघत राहिली. सर खाणीवरून निवृत्त झाले त्या दिवशी याच माणसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. आता त्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. बसमधून घोकत आणलेले शब्द तिच्या ओठांशी होते.

"खूब मतांनी, सर," ती म्हणाली. "तुमच्या एकल्याच्या मतान कांय फरक पडपाचो नाशिल्लो."

सरांनी श्वास सोडला. तो इतका लांब होता की आत काकींनाही ऐकू गेला असावा. मग त्यांनी, जसं प्रयोगशाळेत आकडा पुन्हा विचारून घ्यायचे तसं, सावकाश विचारलं,

"म्हणजे खूब लोकांक तूं नाका आशिल्ली?"

"व्हय, सर."

"बरें," सर म्हणाले, आणि आत वळून त्यांनी काकींना जेवण वाढायला सांगितलं. काकींनी दोन पानं मांडली. सर भाताला आमटी घालून जेवू लागले. पद्मावती समोर बसली होती. त्यांचा भात संपला तेव्हा तिने आपल्या हाताने त्यांना आणखी वाढला.