गाढव कुठे गेलं, ते मला ठाऊक नाही

मी एका गेमचा दुसरा भाग बोलतेय. खरं सांगायचं तर दुसऱ्या भागाची नुसती डिस्क. हा फरक का सांगितला ते पुढे कळेलच, आणि ते सांगताना माझी मान खाली असणार आहे.

पहिल्या भागात एक टपालवाली आणि तिचं गाढव डोंगराडोंगरांतून पत्रं पोचवत हिंडायचे. गेम दोघांनी मिळून खेळायचा. एकानं टपालवाली चालवायची, दुसऱ्यानं गाढव. शेवटच्या घाटात धुकं उतरतं, गाढव दिसेनासं होतं, टपालवाली हाका मारत राहते आणि पडदा काळा होतो. गाढवाचं काय झालं ते म्हणे दुसऱ्या भागात. आणि दुसरा भाग काही येईना. ज्यांनी शाळेत असताना वाट बघायला सुरुवात केली, त्यांचे केस विरळ झाले.

शेवटी बनवणाऱ्यांनी तारीख जाहीर केली खरी, पण काम पुरं झालेलं नव्हतं. कारखान्यात माझा नंबर लागला तेव्हा माझ्यात भरायला गेमच तयार नव्हता. मग यंत्राला ओळख पटवण्यापुरतं काहीतरी घातलं. बाकी सगळं इंटरनेटवरून डाउनलोड करून घ्या! वरून मात्र मला असं नटवलं, की कुणीही बघत राहावं. डब्याच्या मागे, तळाशी, हे सगळं लिहिलेलं आहे. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

मला विकत घेतलं टिल्लूनं. तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावतो, पण माझ्या डब्यावरची त्यानं वाचली नाहीत. "जिथे न्यायचीय तिथे नेट नाही," तो दुकानदाराला म्हणाला, "म्हणून डिस्क. डिस्क म्हणजे कसं, सगळं आतच." हे ऐकून मला डब्यातल्या डब्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं.

न्यायचं होतं त्याच्या ताईकडे. ताई डोंगरातल्या एका धरणावर दरवाजे चालवते आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये एकटी राहते. लहानपणी ती टपालवाली व्हायची आणि टिल्लू गाढव. यावरून त्यांच्यात कधी वाद झाला नाही. बिनसलं ते आई गेली तेव्हा. आईचं आजारपण ताईनं एकटीनं काढलं. टिल्लू "येतो, येतो" म्हणत राहिला आणि आला तो सगळं आटोपल्यावर. "आता कशाला आलास?" एवढंच ताई म्हणाली आणि तिनं ही लांबची बदली मागून घेतली. तेव्हापासून धरणाच्या ऑफिसातल्या फोनवर "बरी आहेस?" "बरी आहे" यापुढे गाडी जायची नाही.

दुसरा भाग दोघांनी मिळूनच खेळायचा, असं त्यांचं लहानपणी ठरलेलं. तेवढं निमित्त धरून टिल्लू निघाला. गेमचं यंत्र टॉवेलात गुंडाळून पिशवीत, आणि मी मांडीवर. बसमध्ये तो मधूनच पुटपुटायचा, "ताई, माझं चुकलं. ताई, मी..." पुढचं काही जमायचं नाही. मग माझ्याकडे बघायचा. त्याच्या वतीनं मी बोलेन असं त्याला वाटत होतं. मी! जिच्या पोटात काहीच नाही ती!

ताईनं दार उघडलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. डबा मात्र तिनं हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि टीव्हीसमोर सतरंजी टाकली. दोघं शेजारी बसले. मला यंत्रात सरकवलं. पडद्यावर अक्षरं उमटली: गेम डाउनलोड करण्यासाठी इंटरनेटला जोडा.

टिल्लूनं मला बाहेर काढून शर्टाला पुसलं, पुन्हा घातलं. तीच अक्षरं. फुंकर मारून पाहिली. तीच अक्षरं. ताई मोबाईल घेऊन खिडकीत गेली, मग स्टुलावर चढली. त्या डोंगराच्या कुशीत कसली रेंज मिळतेय! मी आत गरगर फिरत होते, दुसरं करणार काय? कुणीतरी उचलून धरणात फेकून द्यावं, असं वाटत होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"यात काहीच नाहीये, ताई," टिल्लू रडकुंडीला आला. "एवढ्या लांब मी रिकामा डबा घेऊन आलो."

ताईनं डबा उजेडाकडे धरून मागची अक्षरं वाचली. "लिहिलंय की इथे. चष्म्याच्या दुकानात कामाला आहेस ना रे तू?" आणि ती पोट धरून हसत सुटली. टिल्लूही कसनुसा हसला. मग ताईनं डबा खाली ठेवून विचारलं,

"आता कसं कळणार, गाढव कुठे गेलं होतं ते?"

टिल्लू कंट्रोलरचं बटण उगाच दाबत राहिला. "कुठे गेलं नव्हतं. तिथेच होतं, वळणाच्या मागे. हाका ऐकू येत होत्या त्याला. पण पुढे यायची भीती वाटत होती."

"कसली भीती?"

"आईला तसं बघायची."

ताईनं त्याच्या हातातला कंट्रोलर काढून बाजूला ठेवला. "हाका मारणारीला पण भीती वाटत होती रे. म्हणून तर मारत होती." मग दोघंही रडले, आणि मी मुकाट्यानं फिरत राहिले.

टिल्लू दोन दिवस राहिला. ताईचं काम संपलं की दोघं आईबद्दल बोलत बसायचे. निघताना ताईनं मला परत दिलं, पण त्यानं घेतलं नाही. "राहू दे हिला इथेच. तू सुट्टी काढून घरी ये आणि येताना हिला आण. आता मी आईच्या घरातच राहतो, तिथे नेट आहे. तोवर मी खेळत नाही."

तेव्हापासून मी इथे फळीवर आहे. ताई धरणावर सोबत काम करणाऱ्यांना मला दाखवते. "या गेमनं आम्हा बहीणभावांना बोलतं केलं," असं सांगते. ते कौतुकानं मला हातात घेतात आणि मी आणखीच ओशाळते. मी काय केलं? त्यांच्या गाढवाचं खरंच काय झालं, ते मला आजही माहीत नाही. सुट्टीचं कुणी विचारलं की ताई म्हणते, "धरणाचं पाणी उतरू दे, मग बघू." पाणी उतरतं, मग दुरुस्तीची कामं निघतात. आई नसलेल्या घरात पाऊल टाकायला तिचा धीर होत नाही, एवढं मला कळतं.

ताई, मला कुणाला दाखवू नकोस गं. पिशवीत टाक आणि बस पकड. गेममधल्या गाढवाची खरी गोष्ट तुमच्या गोष्टीपेक्षा फिकी निघाली तर दोघं मिळून मला खुशाल हसा, मी ऐकून घेईन. पण नीघ. लोकांना वाट बघायला लावण्यात माझा जन्म गेला. तू तुझ्या भावाला लावू नकोस.