न सडणारं कुंपण

कानशीने खरवडलेला पांढरा भुगा शशिकलाने काचेच्या पेल्यात टाकला आणि वरून संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बारीक धार सोडली. पेल्यात सोडावॉटरसारखा फेस उसळला. खुर्ची ओढून बसलेले तिचे सासरे, तुळशीराम, पुढे वाकले.

"काय झाला ता?"

"खडू हाय, मामा. प्लास्टिक महाग पडतं, म्हणून खडूची भुकटी मिसळतात. जितका खडू जास्त, तितका फेस."

दुसऱ्या पेल्यात दुसऱ्या नमुन्याचा भुगा होता. तिथे कडेकडेने थोडे बुडबुडे आले आणि विरून गेले.

दोन्ही नमुने पनवेलच्या व्यापाऱ्याने दिले होते. हातभर लांबीच्या, आतून पोकळ, पांढऱ्या फळ्या. कर्नाळ्याच्या बाजूला मुंबईच्या कुणा शेटचं फार्महाऊस तुळशीरामांनी पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात प्लास्टिकचं कुंपण बसलं होतं. त्यांच्या गावात, रोडपालीत, आजवर कुंपण म्हणजे बांबू, नाहीतर तारेची जाळी. बांबूला वाळवी लागते, जाळी खाडीच्या वाऱ्यावर गंजते. त्यांना कधीच न सडणारं कुंपण हवं होतं, आणि तेही रस्त्याच्या बाजूला नव्हे. त्यांचं घर आणि धाकट्या भावाचं, काळूरामचं घर, यांच्यामध्ये जे एकच सामाईक अंगण होतं, त्याच्या बरोब्बर मधोमध. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून भाऊ शिमग्यापासून बोलत नव्हते. बोलणं तुटलं तरी अंगण मात्र अजून अखंड होतं.

व्यापाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही माल सारखेच, फरक फक्त भावाचा. तुळशीरामांनी फळ्या हातात तोलून पाहिल्या. एक चकचकीत आणि जड, दुसरी जरा निस्तेज आणि हलकी. मन चकचकीतवर गेलं, पण पैसा मोठा होता, आणि तेव्हा त्यांना आठवलं की आपली सून लग्नाआधी तळोज्याच्या कारखान्यात पाइप तपासायची.

लग्न ठरताना ती नोकरी गुण म्हणून सांगितली गेली होती. लग्नानंतर कुणी त्या नोकरीचं नाव काढलं नाही. शशिकलाने पुन्हा कामाला जाण्याबद्दल दोनदा विचारून पाहिलं, तेव्हा सासूबाई गुणाबाई म्हणाल्या होत्या की घरात कसली कमी आहे. आज सासऱ्यांनी स्वतः माळ्यावरून करवत काढून दिली होती. फळी कापताना तिच्या हातांना सगळं आठवलं. जड म्हणजे चांगलं नव्हे, खडू प्लास्टिकपेक्षा जड असतो. चकाकीत निळसर झाक म्हणजे धोतराला नीळ घालावी तसा प्रकार. चकचकीत फळी उन्हात धरली की मागच्या बोटाची सावली दिसते, म्हणजे ऊन अडवणारी पांढरी पूड आत नीट घातलेली नाही. राहिली एकच परीक्षा. दोन्ही फळ्यांचे तुकडे तिने फ्रीजच्या वरच्या खणात, बर्फाच्या ट्रेमागे ठेवून दिले.

दुपारी गुणाबाई झोपल्या आणि शशिकला अनवाणीच अंगण ओलांडून काळूरामांच्या ओटीवर गेली.

बाजाराला जायचं तर तिला विचारावं लागे. माहेरी जायचं, देवळात जायचं, अगदी शिंप्याकडे ब्लाउज टाकायचा तरी विचारावं लागे. या ओटीला मात्र तो नियम लागू नव्हता, कारण अंगण ओलांडणं म्हणजे घराबाहेर जाणं नव्हतं. इथे भामाकाकी असायच्या, काळूरामची बायको. त्यांचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं, आणि त्यांचे प्रश्न संपत नसत. मिठाचा खडा चौकोनीच का होतो, खडा मोठा हवा तर पाणी हलवू नये असं म्हणतात ते का. शशिकला सांगायची, त्यांना पटलं नाही तर त्या भांडायच्या. शिकलेलं काही तोंडातून बाहेर पडावं अशी तिच्या सासरी ही एवढीच जागा होती.

भामाकाकी सुक्या बोंबलांची डोकी मोडत होत्या.

"दोन नमुने आणलेत म्हणं. एक खराब असंल त्यात."

"हाय. दोन उन्हाळ्यांत पिवळा पडेल, मग तडकत जाईल."

"मंग तोच सांग ना गो." काकींनी मान वर केली नाही. "तुझ्या सासऱ्याला तसापन चकाकीच आवडते. महादेवच्या लग्नात बँडवाल्यांचं कोट बघून बँड ठरवला त्यानी, वाजवतात कसं ता ऐकलापन नाय."

शशिकला हसली. तो बँड तिच्याच वरातीत वाजला होता.

"दोन उन्हाळ्यांत ही भावांची जोडी बोलाया लागंल," काकी म्हणाल्या. "नाय लागली, तर कुंपान तरी पडंल. नायतर तू कवा येशील माझ्याकडं? रस्त्यानं फिरून, सासऱ्याला विचारून?"

हिशोबात कुठेच चूक नव्हती. परत येताना शशिकलाने मनाशी ठरवून टाकलं. फ्रीजमधले तुकडे बाहेर काढायचे नाहीत. सासरे विचारतील तेव्हा फक्त हो म्हणायचं.

संध्याकाळी तिचा नवरा महादेव रेतीच्या खेपा टाकून आला आणि चहा घेत बसला. गुणाबाई तांदूळ निवडत होत्या. तुळशीरामांनी चकचकीत फळी मांडीवर घेतली होती.

"बोल. मना तर हीच बरी वाटते. वजन पन हाय. बरोबर ना?"

शशिकलाने पदर सारखा केला. हो ओठांवर आलं होतं.

"बाबा, तिला काय विचारता," महादेव बशीत फुंकर घालत म्हणाला. "पायपाला पट्टी लावून मोजायचं काम होतं ता. घ्या तुमाला आवडंल ती."

त्याच्या स्वरात कुजकेपणा नव्हता. उद्या गाडी लवकर काढायची आहे, हे सांगावं तितक्या सहज तो बोलला होता. आणि आता हो म्हटलं, तर हेच खरं ठरणार होतं. या घरात, कायमचं.

ती उठली. फ्रीज उघडून तुकडे काढले, स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि चकचकीत तुकडा उंबऱ्याच्या दगडावर ठेवला. पहिल्याच घावात त्याच्या ठिकऱ्या झाल्या, एक उडून महादेवच्या खुर्चीखाली गेली. निस्तेज तुकड्यावर तिने तेवढ्याच जोराने वरवंटा घातला. तो चेपला, घावाच्या जागी रेघ उमटली, पण फुटला नाही. मग तिने चकचकीत फळी बल्बसमोर धरून मागची बोटं दाखवली. खडू सांगितला, नीळ सांगितली, ऊन प्लास्टिकचं काय करतं ते सांगितलं. त्या घरात इतका वेळ ती एकटी कधीच बोलली नव्हती. गुणाबाईंचा सुपावरचा हात थांबला होता.

बोलणं संपलं तेव्हा तिला कळलं की ती काय बोलून बसली आहे.

तुळशीरामांनी एक ठिकरी उचलून बोटांनी मोडून पाहिली. "ऐकलास काय, महादेव? डोला मिटून लाख रुपये खाडीत टाकले असते मी." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल पनवेलला. सगला माल तूच बघून घे."

माल तिने पाहून घेतला. एक एक फळी उन्हात धरून पाहिली आणि खराब निघालेल्या व्यापाऱ्याला बदलून द्यायला लावल्या. मग अंगणाच्या मधोमध खड्डे खणले गेले, खांबांच्या बुडाशी काँक्रीट पडलं आणि खाचांमध्ये फळ्या बसत गेल्या. पुरुषभर उंचीचं, फटी नसलेलं कुंपण. भामाकाकी त्यांच्या ओटीवर उभ्या राहून पाहत होत्या. आधी त्यांची कंबर दिसेनाशी झाली, मग खांदे. शेवटची फळी चढत असताना त्यांनी शशिकलाकडे पाहिलं.

कुंपण झाल्यावर तिने नोकरीचं पुन्हा काढलं. आता तरी मामांना तिचं काम कळलं होतं. तुळशीराम प्रेमाने म्हणाले की एवढी हुशार सून घरात असताना तिला लोकांच्या दारात कशाला पाठवायची. महादेवला तर तो प्रश्न संपलेलाच वाटत होता.

कुंपण बघायला मात्र माणसं येऊ लागली. एका दुपारी द्रोणागिरीकडचे दोन पाहुणे आले. चहा झाला आणि तुळशीरामांनी तिला बाहेर बोलावलं. डोक्यावरून पदर घेऊन ती कुंपणापाशी उभी राहिली आणि त्यांना सगळं सांगितलं. याला वाळवी लागणार नाही, गंज चढणार नाही, पन्नास पावसाळे काही होणार नाही.

"आवाज कसा येतो ता दाखव त्यांना," तुळशीराम म्हणाले.

तिने बोटांच्या पेरांनी फळीवर तीनदा ठकठक केली. आवाज खणखणीत, स्वच्छ आला. पाहुण्यांनी मान डोलावली.

पलीकडे कुणीतरी अंगण झाडत होतं. तो खराट्याचा आवाज एकदम थांबला.

शशिकला फळीवर हात तसाच ठेवून उभी राहिली. पाहुणे भाव विचारत होते. थोड्या वेळाने पलीकडे खराटा पुन्हा सुरू झाला आणि हळूहळू लांब, घराच्या दिशेने गेला.