जुनी मांडणी

हेडविगचे वडील सिक्स्टेन गेले, त्याला सहा आठवडे झाले. त्यांच्या सोसायटीने शोकसंदेश पाठवला आणि त्याच कागदावर खाली एक विनंती लिहिली. तळघरातल्या, सगळ्यांच्या सामाईक धुण्याच्या खोलीचा कॉम्प्युटर बदलला आहे. धुण्याच्या पाळ्या लावायचा सिक्स्टेनचा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर बसवून देशील का? पासवर्डची वही तुझ्याकडेच आहे.

रविवारी ती उप्सालाहून वडिलांच्या गावी, येव्लेला आली. काम पंधरा मिनिटांचं होतं. पण जे सगळ्यांचं ते सगळ्यांनी ठरवायचं, हा इमारतीचा नियम. इस्त्रीच्या टेबलाभोवती कार्यकारिणीचे चौघे थर्मास आणि दालचिनीचे बन घेऊन बसले होते. स्क्रीनचं तोंड फक्त हेडविगकडे होतं. ती एकेक प्रश्न वाचून दाखवत होती.

"प्रोग्रॅम फक्त एकासाठी की सर्वांसाठी?"

"सर्वांत पोटभाडेकरू धरायचे का?" असं कुणीतरी विचारलं आणि त्यावर वीस मिनिटं गेली. दुसरा प्रश्न, स्क्रीनवर प्रोग्रॅमचं चिन्ह हवं की नको; याला दोन मतं बाजूने, एक विरोधात पडलं. चौथ्या बाई तटस्थ राहिल्या, कारण त्या कपडे बहिणीकडे धुतात.

मग तिसरा प्रश्न आला. जुनी मांडणी ठेवायची, की कोरी सुरुवात करायची?

जुन्या मांडणीत सिक्स्टेनने स्वतः लिहिलेल्या ओळी होत्या. पाळी संपायला पंधरा मिनिटं उरली की त्या स्क्रीनवर उमटायच्या. बहुतेकांना 'ड्रायरच्या जाळीतली लव काढा' एवढंच, काहींना नावानिशी. हेडविगने त्या सगळ्या कधी वाचल्या नव्हत्या. पण त्या जाऊ नयेत, एवढंच तिला हवं होतं, आणि तेच तिला म्हणता येत नव्हतं.

"कोरी," टोरवाल्ड लगेच म्हणाला. तो वरच्या मजल्यावरचा. "तेवीस वर्षं मला एकच ओळ. 'टोरवाल्ड, जाळी. पुन्हा.' गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण..."

"मग बोलू नकोस ना," अध्यक्ष सोल्वेग म्हणाली.

"मी जाळीबद्दल बोलतोय!"

"आणि काढत होतास का रे लव, एकदा तरी?"

"तो मुद्दाच नाही. हेडविग, तुला काय वाटतं?"

"मी सभासद नाही," हेडविग म्हणाली. "मला मत नाही."

ते खरंच होतं. तिने हात मांडीवर ठेवले. स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: दहा मिनिटांत निवड न झाल्यास जुनी मांडणी कायम राहील. शेजारचे आकडे उतरत होते. हे मात्र तिने वाचून दाखवलं नाही.

ओळी ठेवाव्यात पण नावं काढावीत, अशी सूचना आली. मजकूर नव्याने लिहायला समिती नेमावी, अशीही आली. टोरवाल्ड सरळ मतदान घ्या म्हणू लागला, तेव्हा तीन मिनिटं उरली होती.

"कॉफी देऊ का अजून?" हेडविगने विचारलं. "आणि हा एकच बन उरलाय."

शेवटचा बन लगेच कुणी उचलत नाही. अर्धा अर्धा करू, नको, तूच घे, असं होता होता तो टोरवाल्डच्या तोंडात गेला. कॉम्प्युटर टिंग वाजला.

"काय झालं?" सोल्वेगने विचारलं.

"बसला प्रोग्रॅम. जुन्या मांडणीसकट."

"पण आपण तर काहीच ठरवलं नाही!" टोरवाल्डला घास गिळवेना.

सोल्वेगने इतिवृत्तात लिहिलं: 'सविस्तर चर्चेअंती सभेने जुनी मांडणी एकमताने कायम ठेवली.' टोरवाल्डनेही सही केली. कुणी हरलं नव्हतं, ही त्यातली मोठी सोय.

सगळे वर गेल्यावर हेडविगने चाचणी म्हणून वडिलांच्या घराच्या नावाने पाळी लावली. त्यांच्या चादरी धुतल्या, ड्रायरमध्ये टाकल्या. ती घरघर तिच्या ओळखीची होती. दर रविवारी वडिलांचा फोन यायचा तो याच आवाजासकट. "कपडे होईपर्यंत वेळ जात नाही म्हणून मला फोन करता," असं ती एकदा म्हणालीही होती. ते नुसतेच हसले होते.

पंधरा मिनिटं उरली. स्क्रीनवर ओळ उमटली.

'सिक्स्टेन, हेडविगला फोन. इथूनच कर. घर फार शांत आहे.'

ड्रायर थांबेपर्यंत ती तिथेच बसली. मग उठून तिने जाळी ओढली आणि लव काढली.