हलकी पाकिटं

दोन वर्षं अवनी दर शनिवारी आपल्या भावाच्या, मानसदादाच्या दुकानातून कार्डांची दहा पाकिटं घेत होती, आणि दोन वर्षांत तिला एकदाही काही लागलं नव्हतं. एका जपानी खेळाची ही कार्डं. पाकीट फोडलं की आत दहा निघायची. बहुतेक वेळा दहाही किरकोळ, पण क्वचित त्यात चमकता ड्रॅगन सापडायचा आणि त्याला लोक वीस-पंचवीस हजार सहज द्यायचे.

मानसचं दुकान गुरुग्राममधल्या एका मार्केटच्या तळघरात होतं. तिथे जमणारी मंडळी अवनीला पनवती म्हणायची, आणि मानसही त्यांच्यात सामील व्हायचा. "अवू, तू हात लावलास की ड्रॅगन पळतो यार," म्हणायचा. ती हसण्यावारी न्यायची, पण अलीकडे तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

एका बुधवारी ती ऑफिसातून लवकर सुटली. आईने मानससाठी तिच्याकडे डबा पाठवला होता, तो द्यायला ती दुकानात गेली. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरली तर मागच्या खोलीत मानस सोनाराकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन बसलेला. नव्या खोक्यातलं एकेक पाकीट तो काट्यावर ठेवत होता. जड निघालं की निळ्या पिशवीत, हलकं निघालं की काउंटरवर मांडायच्या ट्रेमध्ये.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

मानस दचकला, पण हात थांबवला नाही. "चमकत्या कार्डावर जाड थर असतो. पाकीट थोडं जड भरतं. सगळेच करतात."

"आणि जड पाकिटांचं काय करतोस?"

"ऑनलाइन फोडतो. माझ्या चॅनेलवर. लोकांना वाटतं, ह्याचा हात सोन्याचा आहे."

अवनीला पुढचं विचारायची इच्छा नव्हती, तरी तिने विचारलं. "मलाही हलकीच दिलीस?"

"तुला तर हलकीच द्यायला हवी होती," तो शांतपणे म्हणाला. "सख्ख्या बहिणीला लागत नाही म्हटल्यावर लोकांना दुकान सरळ वाटतं. तू रिकाम्या हाताने गेलीस की मागून दहा जण घ्यायचे."

तिने डबा ठेवला नाही. तसाच परत नेला आणि खोलीवर जाऊन, भूक नसताना, सगळा संपवला.

दुसऱ्या दिवशी ती दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला आईबाबांकडे गेली. बाबा, म्हणजे दिनकरराव, केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरातलं घरात ठेव. त्याचा आत्ता कुठे जम बसतोय."

"बाबा, तो लोकांना फसवतोय. मला फसवलंय."

"तू ह्या वयात असले खेळ खेळतेसच कशाला?" पद्मजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

अवनी चहा न घेता उठली.

शनिवारी चार वाजता दुकानात पंचवीस-तीस माणसं होती. अवनीने पर्समधून नवा काटा काढून काउंटरवर ठेवला आणि ट्रेमधली पाकिटं एकेक करून सगळ्यांसमोर तोलली. सगळी सारख्याच वजनाची, हलकी. "ड्रॅगनवाली जड असतात, ती हा मागे काढून ठेवतो," ती म्हणाली. मग ती मागच्या खोलीत गेली. मानसने तिचं मनगट पिरगाळलं. "बाहेर हो. आत्ताच्या आत्ता."

तोवर नेहमी येणारा गौरव आत घुसला होता. त्याने निळी पिशवी बाहेर आणली, एक पाकीट तोललं, फोडलं. ड्रॅगन निघाला.

लोकांनी मानसला शिव्या घातल्या. चोर म्हणाले, एकाने कॉलर धरली. अवनीला बरं वाटलं. पण ते जेमतेम दोन मिनिटं टिकलं. मग गौरवने पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, "ये भारी वाले कितने में दोगे?"

मानसने कॉलर सोडवून घेतली. "दुगने में."

कोणी हरकत घेतली नाही. उलट रांग लागली. "दीदी, मशीन ज़रा इधर," म्हणत कोणीतरी तिचाच काटा ओढून घेतला.

मानस तिच्या कानाशी म्हणाला, "थँक्यू. आता चोरून तोलायची गरज नाही."

एसीचं पाणी गळायचं म्हणून कोपऱ्यात बादली ठेवलेली असे. अवनीने आपला काटा त्या माणसाच्या हातातून हिसकावला, आतून मानसचाही आणला, आणि दोन्ही बादलीत बुडवले. मग निळी पिशवी ट्रेमध्ये उपडी केली आणि जड-हलकी सगळी पाकिटं दोन्ही हातांनी कालवून टाकली.

"घ्या आता," ती म्हणाली. "अब लो."

कोणी एकही पाकीट घेतलं नाही. "पागल है क्या?" गौरव तिच्यावरच ओरडला. ज्यांनी मानसला शिव्या घातल्या होत्या त्यांनीच तिला दाराकडे ढकललं. जिन्यावर कुणीतरी मागून धक्का दिला आणि तिचा गुडघा फुटला. शेवटची पायरी चढताना तिने वळून पाहिलं. मानस काउंटरमागे उभा राहून बघत होता. तो मध्ये पडला नाही.

ही गोष्ट त्या खेळाच्या वर्तुळात पसरली आणि गिऱ्हाईक तुटलं. दसऱ्याच्या आधी मानसला दुकान सोडावं लागलं. घरी सगळ्यांनी ते अवनीच्याच माथी मारलं.

भाऊबीजेला ती लक्ष्मीबाई नगरला गेली. पद्मजाबाईंनी ताट तयार करून पाट मांडला होता. मानस सोफ्यावरून उठला नाही.

"हिच्याकडून मला ओवाळून घ्यायचं नाही," तो आईला म्हणाला.

"मी ओवाळायला आलेच नाहीये," अवनी म्हणाली. "बाबांना भेटायला आलेय."

दिनकररावांनी पेपर वर धरला. पद्मजाबाई डोळे पुसत ताट आत घेऊन गेल्या. अवनी बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि मानस उठून जाईपर्यंत तिथून हलली नाही.