घोंगडीतली लादी

केंदूरच्या अल्लाबक्षनं दौंडच्या लोकांसमोर तोंड उघडलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

साल शहाण्णव. त्याची लेक सबीना दौंडला द्यायची ठरली. साखरपुड्याला दौंडकरांनी बर्फाचं पाणी पाजलं आणि नवऱ्यामुलाचे चुलते खुर्शिदचाचा हसत म्हणाले, "पी लो भाई, केंदूरमे तो मटका भी गरम रहता होगा." अल्लाबक्षला ते लागलं. तो भर बैठकीत बोलून गेला, "शादीला या. बर्फाचं सरबत न्हाई पाजलं तर माझी पगडी तुमच्या पायाशी."

लग्न मे महिन्यात. त्या वर्षी ऊन असं होतं की कावळे आपली सावली चोचीत धरून उडायचे. गावातला एकुलता टेम्पो मंडपाची भांडी आणायला गेलेला. म्हणून सकाळीच मी आणि भिमा धनगर त्याची बैलगाडी घेऊन शिक्रापूरला बर्फाच्या कारखान्यावर गेलो.

निघताना अल्लाबक्ष म्हणाला, "आप्पा, दुपारच्या नमाजानंतर निकाह हाय. बर्फ आला न्हाई तर मी पगडी काढून बसलो म्हणून समजा."

कारखान्यात दोन लाद्या मिळाल्या, पण भुसा संपलेला. भुशाशिवाय बर्फ म्हणजे तीन तासांची वाट आणि रिकामी गाडी. गोणपाटं होती दोन, तीही विरलेली. तेवढ्यात साधनाबाई आल्या. केंदूरच्या शाळेत मास्तरीण, राहायला शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत. सबीना त्यांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून त्याही लग्नाला निघालेल्या. गाडीत बसता बसता त्यांची नजर भिमाच्या घोंगडीवर गेली.

"ही गुंडाळा लाद्यांना," बाई म्हणाल्या.

भिमानं घोंगडी छातीशी धरली. "बाई, डोकं ठिकाणावर हाय का? माझ्या आईनं, म्हाळसानं, इणलेली घोंगडी ही. माघाच्या थंडीत हिच्यात कोकरं जगवली आम्ही. लई गरम. बर्फ तर येशीपातूर बी टिकायचा न्हाई."

"भिमा, ती मैलाच्या दगडावर टाकली, तर दगड तापेल का?"

"दगडाला कुठं ऊब कळती?"

"ऊब घोंगडीत नसतेच. ती कोकराच्या अंगात असते. लोकरीच्या केसाकेसात हवा अडकलेली असते, तिच्यातून उष्णता सावकाश जाते. कोकराची ऊब बाहेर जात नाही, तसं उन्हाचं तापणं आत येणार नाही."

"चौथीच्या पोरांना सांगा हे," भिमा म्हणाला.

"सांगते की दरवर्षी. तीही तुमच्यासारखीच लिहितात, लोकर गरम असते. शून्य मार्क."

वाद मिटेना. शेवटी मी तोड काढली. एक लादी बाईंच्या म्हणण्यानं घोंगडीत, दुसरी भिमाच्या म्हणण्यानं ओल्या गोणपाटाखाली, वारा लागेल अशी. गाडी निघाली.

उघड्या लादीचं पाणी गाडीखालून धार धरून चाललं. मागं वळून पाहिलं तर धारेवर हिरवं गवत उगवलेलं आणि त्याच्या मागं शेळ्यांचा कळप चरत चाललेला. वाटेतली वेळ नदी ओलांडेपर्यंत लादी उशीएवढी झाली. केंदूरच्या वेशीत ती साबणाच्या वडीएवढी उरली होती. घोंगडी मात्र मुकाट. भिमानं तिला हात लावला आणि चटकन काढला. "वरनं तव्यावाणी तापलीय. आत आता पाणी बी नसंल, वाफ असंल."

मंडपात दौंडकर येऊन बसलेले. अल्लाबक्ष धावत गाडीशी आला. गोणपाट उचललं, वडी पाहिली आणि त्याचा हात सरळ पगडीकडे गेला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "घोंगडी सोडा."

भिमानं तोंड दुसरीकडं करून गाठी सोडल्या. लादी होती. अख्खी. कोपरे तेवढे गोल झाले होते. भिमा तिच्याकडं असा बघत राहिला, जणू मेंढीला वासरू झालं.

पगडी डोक्यावरच राहिली. बर्फ धुऊन फोडला, सरबतात टाकला. पण म्हाळसाबाईची घोंगडी ती. वीस वर्षांच्या मेंढरांचा वास एका धुण्यानं जातो होय? खुर्शिदचाचांनी पेला नाकाशी नेला, थांबले, आणि बोटानं आतून एक काळा केस ओढून काढला.

"समधीजी, ये क्या है?"

अल्लाबक्ष पांढरा पडला. मी पुढं झालो. "वाळ्याचं मूळ हाय, चाचा. आमच्याकडचा वाळा काळा असतो. वास येतोय न्हवं?"

चाचांनी पुन्हा हुंगलं. "बहोत तेज है," म्हणाले, आणि तीन पेले प्याले. निकाह लागला. जाताना त्यांनी अल्लाबक्षला मिठी मारली आणि माझ्या कानात सांगितलं, "वो वाला थोडा भेज देना." पुढं दर उन्हाळ्यात सबीना माहेराहून परत निघाली की भिमा मेंढीची एक बट कापून पुडीत बांधून देई. चाचा ती माठात टाकत. तब्येत उत्तम राहिली त्यांची.

अडचण झाली ती भिमाची. त्या माघात तो कुडकुडत माझ्या ओट्यावर आला. घोंगडी खांद्यावर, पण घडी घातलेली.

"पांघर की," मी म्हटलं.

"न्हाई आप्पा. हिनं बर्फ राखलाय. पांघरली की थंडी वाजती."